शेवटचे चार कोस

नेपल्सच्या पुराणवस्तुसंग्रहालयात हस्तिदंतात कोरलेली, वीतभर उंचीची एक स्त्रीमूर्ती आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली जे पाँपेई नगर गडप झाले, त्याच्या अवशेषांतून ती १९३८ साली बाहेर निघाली. परंतु तिच्या गळ्यातील भरगच्च हार, हातांतील कंकणांच्या चळती, पायांतील वाळे आणि दोन्ही अंगांस उभ्या असलेल्या चिमुकल्या दासी यांकडे पाहताच ती रोमन नव्हे, व्यापाराच्या ओघात समुद्रापार गेलेली हिंदुस्थानची लेक आहे, हे जाणत्यांनी ओळखले. पुढे १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे उत्खनन केले, तेव्हा केळणा नदीकाठच्या पांढरीतून तिच्याच घडणीची, तशाच दासी बाजूस असलेली एक हस्तिदंती मूर्ती सापडली, आणि पाँपेईची मूर्तीही कदाचित याच भागातील कारागिरांच्या हातची असावी, असा तर्क काही विद्वानांनी मांडला. भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन. पैठणहून उज्जयिनीकडे जाणाऱ्या व्यापारी तांड्यांच्या वाटेवरचे हे नगर इतके संपन्न होते की, तेथील रहिवाशांनी सांची व भारहुत येथील स्तूपांना दिलेल्या दानांचे लेख त्या दगडांवर आजही वाचता येतात.

नेपल्सला ती मूर्ती पाहावयास लोक देशोदेशींहून येतात आणि तिकीट काढून काचेसमोर उभे राहतात. भोकरदनच्या बसस्थानकावर उतरून मी एका चहाच्या टपरीवर ‘इथं जुनं पाहण्यासारखं काय आहे?’ असे विचारले, तेव्हा टपरीवरच्या वयस्क गृहस्थांनी मला आपुलकीने बाकावर बसवले, आधी पाणी दिले, मग चहा दिला, चहाचे पैसे घेण्याचे साफ नाकारले, आणि ‘जुनं म्हंजे काय म्हणायलात, दादा? राजूरला जा, गणपतीला जा. इथं काय हाय?’ असे अगदी मनापासून सांगितले. त्या उत्तरात खोटेपणा नव्हता. आपण ज्या मातीवर टपरी टाकून बसलो आहोत, तिचे एक लेकरू इटलीत काचेमागे असण्याचा संभव आहे, हे त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते. घरी आलेल्या परक्या माणसाला पाणी आणि चहा देण्यास मात्र त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. विकसनशील देश पर्यटकांना घातलेली साद खरी करून दाखवतो की नाही, या प्रश्नाचा विचार करताना मला तो बाक पुन्हा पुन्हा आठवतो; कारण आमचे जे काही उत्तम आहे आणि आमची जी काही उणीव आहे, ती दोन्ही त्या एका चहाच्या पेल्यात मला एकत्र दिसली.

साद मोठी आहे, यात शंका नाही. २००२ साली भारत सरकारने ‘अतुल्य भारत’ ही मोहीम काढली, आणि जगातील मोठमोठ्या शहरांच्या भिंतींवर ताजमहाल, वाघ, योगासने आणि राजस्थानचे उंट झळकू लागले. तरीही २०१९ साली, म्हणजे महामारीपूर्वीच्या शेवटच्या पूर्ण वर्षात, एवढ्या प्रचंड देशात १ कोटी ९ लाखांच्या आसपास परदेशी प्रवासी आले; त्याच वर्षी थायलंडमध्ये जवळजवळ ४ कोटी आले, आणि युद्धाने होरपळलेल्या व्हिएतनामनेही १ कोटी ८० लाखांचा पल्ला गाठला. हे दोन्ही देशही विकसनशीलच म्हणवतात, तेव्हा दारिद्र्य हे या तफावतीचे कारण म्हणून पुढे करता येत नाही. आणि पाहण्यासारखे काही नाही असे तर आमच्याविषयी आमचा वैरीही म्हणणार नाही. मग अडते कोठे? माझे उत्तर असे आहे की, ते विमानतळावर अडत नाही, आगगाडीत अडत नाही आणि आता तर महामार्गावरही अडत नाही. ते अडते मोठी वाट सोडून लहान वाटेस लागल्यावर, शेवटच्या चार कोसांत.

जालना जिल्हा हे या गोष्टीचे चांगले उदाहरण आहे. १ मे १९८१ रोजी औरंगाबादच्या पूर्वभागास परभणीचे परतूर जोडून हा जिल्हा स्वतंत्र झाला. लोखंडी सळई, बियाणे आणि मोसंबी यांच्या जोरावर जालन्याने व्यापारात नाव कमावले, आणि ‘जालना सोने का पालना’ ही जुनी म्हण आजही बाजारपेठेत ऐकू येते. प्रवासाची मोठी साधने तर या जिल्ह्याला गेल्या काही वर्षांत भरभरून मिळाली. नागपूर ते मुंबई या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि तो जालन्याच्या अंगणातूनच गेला. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना ते मुंबई वंदे भारत गाडी सुरू झाली. ज्या गावाला जाण्यास एके काळी मनमाडला गाडी बदलून निझामाच्या मीटरगेजवर रात्र काढावी लागे, तेथे आता मुंबईचा माणूस सकाळी निघून तिसऱ्या प्रहरापूर्वी पोहोचू शकतो. पण पोहोचल्यावर काय, या प्रश्नाला अद्याप धड उत्तर मिळत नाही.

शेजारच्या अजिंठ्याचेच पाहा. १८१९ साली शिकारीच्या निमित्ताने आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ती लेणी पडली, १९८३ साली ती जागतिक वारसा ठरली, आणि जपानच्या कर्जातून रस्ते, पाणी व संवर्धन यांची कामे वर्षानुवर्षे झाली. तरीही छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्यास जाणारा शंभरएक किलोमीटरचा रस्ता रुंदीकरणासाठी एकदा उखडला गेला, तो काही वर्षे तसाच धुळीत आणि चिखलात पडून राहिला, आणि दीड हजार वर्षांपूर्वीची बोधिसत्त्वाची शांत मुद्रा पाहावयास निघालेला प्रवासी तेथे कंबर धरून पोहोचत असे. लेण्यांत प्रवेशासाठी भारतीयाकडून ४० रुपये आणि परदेशी माणसाकडून ६०० रुपये घेतले जातात. या भेदावर अनेकजण आक्षेप घेतात, मला तो तितकासा अन्यायाचा वाटत नाही. आपल्या करांतून या वास्तूंचा सांभाळ करणाऱ्या प्रजेला सवलत असावी, हे रास्तच आहे. परंतु सहाशे रुपये देणाऱ्या पाहुण्यास आणि चाळीस रुपये देणाऱ्या शेतकऱ्याच्या कारभारणीस स्वच्छ शौचकूप, सावली आणि पिण्याचे पाणी एकसारखेच मिळाले पाहिजे, आणि त्या बाबतीत मात्र दोघांच्याही पदरी बहुधा सारखीच निराशा येते.

अजिंठ्याला निदान नाव तरी आहे. त्याच डोंगरात उगम पावलेली केळणा नदी भोकरदनवरून पुढे वाहत जाऊन जुई नदीला जेथे मिळते, त्या दोन नद्यांच्या बेचक्यात असई नावाचे एक लहान गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे जी लढाई झाली, ती हिंदुस्थानच्या इतिहासाला कलाटणी देणाऱ्या मोजक्या लढायांपैकी एक होय. एका बाजूला शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या संयुक्त फौजा, त्यांत पोलमन नावाच्या जर्मन सेनानीच्या हाताखाली कवायत शिकलेल्या पलटणी आणि भक्कम तोफखाना. दुसऱ्या बाजूला सुमारे सात हजार सैन्य घेऊन आलेला आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि ज्याने बारा वर्षांनी वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनचा पाडाव केला. लढाईच्या दोन दिवस आधी वेलस्ली आणि त्याचा सहकारी स्टीव्हनसन यांची भेट बदनापुरास झाली होती. आज आपण ज्या बदनापूर स्थानकावरून गाडीत डुलक्या घेत जातो, तेच हे बदनापूर. केळणा ओलांडण्यास उतार नाही, असे वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितले. पण नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे वसलेली दिसताच त्याने तर्क केला की, समोरासमोरच्या दोन गावांतील माणसे एकमेकांकडे गेल्यावाचून राहत नाहीत, तेव्हा येथे उतार असलाच पाहिजे. तो तर्क खरा निघाला आणि लढाईचे पारडे फिरले. तरीही इंग्रजांच्या बाजूची मृत व जखमी माणसे दीड हजारांवर गेली, आणि मराठ्यांचे गोलंदाज तोफांपाशी उभे राहून अखेरपर्यंत लढले, याची साक्ष शत्रूनेच आपल्या कागदपत्रांत लिहून ठेवली आहे. वृद्धापकाळी, आपण लढाईत सर्वांत चांगली कामगिरी कोठे केलीत, असे विचारता वेलिंग्टनने वॉटर्लूचे नाव घेतले नाही, असईचे घेतले, असे सांगतात. या लढाईत इंग्रजांकडून लढलेल्या पलटणींना ‘असई’ हे नाव आणि हत्तीचे चिन्ह आपल्या निशाणावर मिरवण्याचा मान मिळाला.

एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. लढाईनंतर वेलस्लीने आपल्या जखमी शिपायांचे रुग्णालय अजिंठा गावात थाटले. ती माणसे तेथे वेदनेने कण्हत पडली होती, तेव्हा थोड्याच अंतरावर वाघुर नदीच्या वळणावर, गवत आणि वेलींच्या आड, लेण्याच्या भिंतीवर बोधिसत्त्व पद्मपाणी हातात कमळ धरून उभा होता, आणि त्याची वार्ता त्या सैन्याच्या कानी पोहोचायला अजून सोळा वर्षे अवकाश होता. केळणेच्या एका लहानशा टापूत सातवाहनकालीन हस्तिदंत, युरोपच्या इतिहासाला वळण देणाऱ्या सेनापतीचे पहिले मोठे रण आणि जगातील श्रेष्ठ भित्तिचित्रे एवढे सारे दाटून राहिलेले असताना, हा टापू एका सलग प्रवासात दाखवण्याची कल्पना कोणाच्या मनात रुजू नये, याचे मला मनस्वी दुःख होते.

कारण असईला जाणे म्हणजे आजही वाट विचारत जाणे आहे. काळीपिवळी जीपने, मग कोणाच्या दुचाकीवर मागे बसून, मग थोडे पायी असा मी तेथे गेलो. ज्वारीच्या आणि कापसाच्या शेतांपलीकडे नदी होती, उन्हात चमकणारे गोटे होते. कोणती फौज कोणत्या बाजूस उभी होती, तोफा कोठे होत्या, तो उतार कोणता, हे मला सांगणारे तेथे कोणी भेटले नाही. भेटले ते शेतातून येणारे एक म्हातारे बाबा, ज्यांनी ‘गोऱ्यायची लढाई झाली म्हणतेत’ एवढे सांगून मला आपल्या विहिरीवर नेले आणि ओंजळीत पाणी ओतले. मी तहानलेला होतो, आणि त्या पाण्याने मला जे समाधान दिले ते कोणत्याही फलकाने दिले नसते, हे खरे. पण एक साधा नकाशा, एक मराठी फलक आणि गावच्या शाळेतून तयार झालेला एक जाणता मुलगा तेथे असता, तर माझे आणि त्या बाबांचे दोघांचेही कल्याण झाले असते, हेही तितकेच खरे.

कोणी म्हणेल की, पाहुण्याची सोय करणे ही परदेशी रीत आहे, आपल्या गरीब देशाला ती परवडणारी नाही. हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. जालना शहरात सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या निजामशाहीच्या अमदानीत, जमशेदखान नावाच्या अंमलदाराने काळी मशीद बांधली. परंतु तो केवळ मशीद बांधून थांबला नाही. तिच्या जोडीस त्याने मुसाफिरांसाठी सराई बांधली, स्नानासाठी हमाम बांधला, मोती तलाव खोदवला, आणि तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांतून कसब्यातील हौदांत आणून सोडले, ज्यांतला मुख्य हौद त्या सराईच्या चौकातच होता. थकूनभागून आलेल्या माणसाला निवारा हवा, अंग धुवायला पाणी हवे आणि जनावराला पाजायला हौद हवा, हे त्या काळच्या कारभाऱ्यास कळत होते, आणि ही सोय देवस्थानाच्या शेजारीच झाली पाहिजे हेही कळत होते. त्याच जालन्यात २०१२-१३ च्या दुष्काळात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येई आणि शहर टँकरवर जगत असे. पुढे जायकवाडीवरून जलवाहिनी आली तेव्हा कोठे लोकांच्या जिवात जीव आला. ज्या गावी घरच्या लेकीसुनांना पाणी पुरत नाही, तेथे पाहुण्याला स्नानाचे पाणी कोणत्या तोंडाने द्यावे, ही अडचण मी हलकी लेखत नाही. पण तीच अडचण जमशेदखानालाही होती, आणि त्याने तिची सोडवणूक तलाव आणि नळ यांनी केली. या जिल्ह्यातल्याच कडवंची गावाने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पाणलोटाचे काम करून, शेततळी खोदून, उजाड माळावर द्राक्षाचे मळे उभे केले, आणि आता दूरदूरचे शेतकरी ते गाव पाहावयास येतात. या येण्याला कोणी पर्यटन म्हणत नाही. पण माणूस घर सोडून, पदरचे पैसे खर्चून, काही पाहण्यासाठी आणि शिकण्यासाठी दुसऱ्या गावी जातो, तेव्हा दुसरे काय करतो?

आणि प्रवाशांची वाण या जिल्ह्यात कधीच नव्हती. राजूरचा महागणपती मराठवाड्याचे आराध्यदैवत आहे. मोरगाव, चिंचवड आणि राजूर ही गणेशाची पूर्ण पीठे आणि पद्मालय हे अर्धे पीठ, अशी परंपरागत समजूत आहे. अंगारकी चतुर्थीच्या आदल्या रात्री जालन्याहून राजूरकडे जाणारा रस्ता पायी चालणाऱ्या माणसांनी इतका भरून जातो की, वाहनांना वाट मिळत नाही. त्या गर्दीत शाळकरी मुले असतात, तान्ही लेकरे कडेवर घेतलेल्या बाया असतात, हातात चपला घेऊन अनवाणी चालणारे म्हातारे असतात. रस्त्याकडेला तरुण मंडळी चहा, केळी आणि साबुदाण्याची खिचडी वाटत उभी असतात आणि ‘घ्या माऊली, घ्या’ असा आग्रह चाललेला असतो. या अन्नछत्रांचा थाट पाहून कोणत्याही देशाच्या माणसाने हात जोडावेत. परंतु त्याच रस्त्यावर त्या बायांना अडोशाला जावयाची जागा कोठे असते? अंधारात बाभळीच्या झुडपाआड जाण्यावाचून त्यांना गत्यंतर नसते. अंबडला मत्स्याच्या आकाराच्या टेकडीवर मत्स्योदरी देवीचे मोठे ठाणे आहे, नवरात्रात तेथेही हेच चित्र दिसते. परदेशी प्रवाशाचे नाव निघाले की, आपण पंचतारांकित निवासांच्या गोष्टी बोलू लागतो; पण राजूरच्या वाटेवरील त्या बाईला जे हवे आहे, तेच लंडनहून असईला आलेल्या बाईला हवे असते: कडी लागणारे स्वच्छ शौचकूप, निर्धास्तपणे पिता येईल असे पाणी, रात्री दिवा, ठरलेले भाडे आणि खरी माहिती. पहिलीला ते मिळेल त्या दिवशी दुसरीलाही ते आपोआप मिळालेले असेल. म्हणून पर्यटनाचा विचार परदेशी चलनापासून सुरू करू नये, आपल्या यात्रेकरूपासून सुरू करावा, असे माझे ठाम मत आहे.

मात्र गर्दी वाढली म्हणजे सारे झाले, असेही नाही. ज्या थायलंडचा दाखला मी वर दिला, त्यालाच २०१८ साली आपला माया बे हा प्रसिद्ध समुद्रकिनारा माणसांच्या लोंढ्याने प्रवाळाचा नाश होऊ लागला म्हणून बंद करावा लागला. अजिंठ्याच्या चित्रांनाही माणसाच्या श्वासातील ओलावा बाधतो. पूर्वी निझाम सरकारने मोठ्या सद्भावाने इटलीहून तज्ज्ञ आणून ती चित्रे जतन करविली, तर त्यांनी दिलेले लाखेचे रोगण कालांतराने पिवळे पडून चित्रांवर नवेच मळभ आले. तेव्हा दाखवणे आणि जपणे या दोहोंचा तोल सांभाळणे श्रीमंत देशांनाही साधलेले नाही. आमच्याकडे जपणुकीची उणीव याहून साधी आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली याच जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यातील जांब येथे झाला. त्या जांब समर्थच्या राममंदिरातील पूर्वापार पूजेतल्या मूर्ती ऑगस्ट २०२२ मध्ये चोरीस गेल्या. सारा महाराष्ट्र हळहळला. पोलिसांनी त्याच वर्षी त्या परत मिळविल्या, हे आपले भाग्य. पण ज्या जागेची माती लोक कपाळी लावतात, तेथे पहाऱ्याची आणि कुलपाची आठवण चोरी झाल्यावर व्हावी, हे काही भूषणावह नाही.

एवढे सगळे असूनही माझा निकाल देशाच्या विरुद्ध जात नाही. आमची साद खोटी नाही. जे दाखवतो म्हणतो ते खरोखरच आहे, आणि चित्रफलकांवर दिसते त्याहून कितीतरी अधिक आहे. त्या सादेतला आतिथ्याचा भाग तर टपरीवरच्या गृहस्थांनी आणि विहिरीवरच्या बाबांनी शब्दशः पाळला. पाळले नाही ते सरकारी दप्तराने, ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने, शाळेने आणि आपण सुशिक्षितांनी, ज्यांनी भोगवर्धनाचे नाव त्या टपरीपर्यंत पोहोचवायला हवे होते.

आता एक संधी येत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जालना ते जळगाव या नव्या रेल्वेमार्गास मंजुरी दिली. १७४ किलोमीटरचा, ७,१०६ कोटी रुपये खर्चाचा हा मार्ग अजिंठ्याला प्रथमच रेल्वेच्या नकाशावर आणणार आहे, आणि त्याची वाट याच राजूर-भोकरदनच्या मुलखातून जाणार आहे. रूळ पडण्यास वेळ लागेल. जिल्ह्यातील शिक्षकांना, ग्रामसेवकांना आणि तरुण मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे की, तोवर थांबू नका. राजूरच्या वाटेवर दर दोन कोसांवर बायांसाठी शौचकूप आणि पाण्याची टाकी उभी करा. असईच्या नदीकाठी मराठीत एक फलक आणि एक नकाशा लावा. भोकरदनच्या शाळेतील मुलांना केळणेच्या पांढरीवर एक दिवस घेऊन जा आणि पाँपेईच्या त्या हस्तिदंती मूर्तीचे चित्र दाखवा. त्यांतला एखादा मुलगा उद्या त्या बसस्थानकावरच्या टपरीवर बसलेला असेल.